वाढीव वॉरंटी: ओटीपी देण्याआधी किलोमीटर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा किंवा दसरा आला की आपल्या अंकात मोटारींच्या पानभर जाहिराती असतात आणि दुसऱ्या दिवशी शहरात किती गाड्या रस्त्यावर आल्या त्याची बातमी. त्या प्रत्येक गाडीच्या कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, आरटीओ आणि विमा यांच्याखाली आणखी एक ओळ असते, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’, म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यानंतरच्या काळासाठी पैसे भरून घ्यायची वाढीव वॉरंटी. तिच्याबद्दल मात्र कुठे अक्षर छापून येत नाही. ऑन-रोड किंमत आधीच लाख-दोन लाखांनी फुगलेली असते, त्यात ही वीस-पंचवीस हजारांची ओळ डोळ्यांत खुपत नाही. डिलिव्हरीच्या दिवशी बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, घरची मंडळी फोटोला उभी, आणि सेल्सचा मुलगा म्हणतो, “साहेब, मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा.” तो ओटीपी अनेकदा याच कागदाचा असतो.

या ओळीबद्दल दोन ठाम मते ऐकू येतात. एक, ‘घेऊन टाका, डोक्याला ताप नको.’ दुसरे, ‘सगळी लूट, आमच्या गाडीला दहा वर्षांत काही झालं नाही.’ दोन्ही मते देणाऱ्याने बहुतेक वेळा त्या वॉरंटीचे शेवटचे पान, म्हणजे काय मिळणार नाही याची यादी, वाचलेले नसते. गाडी कुठल्या कंपनीची यापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: महिन्याचे रनिंग किती, गिअरबॉक्स कोणता, आणि मूळ वॉरंटी संपेल तेव्हा गाडी तुमच्याकडे असणार आहे का. आणि हा निर्णय शोरूममध्ये, हार घातलेल्या गाडीशेजारी उभे राहून घ्यायची बहुतेक वेळा गरजच नसते.

आधी मूळ वॉरंटीची स्थिती पाहू, कारण शेजाऱ्याचा सल्ला बऱ्याचदा जुन्या नियमांवर असतो. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी पूर्वी २ वर्षे किंवा ४०,००० किमी होती. जुलै २०२४ पासून ती ३ वर्षे किंवा १,००,००० किमी झाली आणि पैसे भरून ६ वर्षे किंवा १,६०,००० किमीपर्यंत वाढवता येऊ लागली. टोयोटाचीही मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किमी, हायब्रिड बॅटरीला मात्र ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी. ह्युंदाईच्या खासगी गाड्यांना ३ वर्षे, किलोमीटरची मर्यादा नाही. किलोमीटरची मर्यादा असते तिथे ‘यापैकी जे आधी होईल ते’ हे शब्द असतातच आणि खरी गोम त्यातच आहे.

समजा वाढीव वॉरंटी ६ वर्षे किंवा १,६०,००० किमीची आहे. महिन्याला ३,००० किमी चालवणाऱ्याची मूळ वॉरंटी पावणेतीन वर्षांत संपते आणि वाढीव सुमारे साडेचार वर्षांत. म्हणजे कागदावर ‘तीन वर्षे जास्त’ लिहिलेले असले तरी त्याला मिळाले जेमतेम वीस महिने. तरीही त्याने वॉरंटी घेणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण एक लाख ते एक लाख साठ हजार या टप्प्यात स्टिअरिंग रॅक, व्हील बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर, टर्बो, इंजेक्टर असे भाग बोलायला लागतात. महिन्याला १,००० किमी चालवणाऱ्याची गाडी सहा वर्षांत ७२,००० किमीवर जाते. त्याला वाढीव वॉरंटीची तिन्ही वर्षे पूर्ण मिळतात. दुधावरची साय वाटते ना? पण इतक्या कमी रनिंगमध्ये यांत्रिक भाग सहसा जात नाहीत. वयाने जाते ते रबर, १२ व्होल्टची बॅटरी, वायपर, बुश, आणि हे सगळे वॉरंटीच्या यादीबाहेर. त्याच्या उपयोगाला येतो तो इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आणि एसी.

म्हणून गाडीत इलेक्ट्रॉनिक्स किती आहे ते मोजावे. साधी मॅन्युअल हॅचबॅक, खिडक्यांना बटणे आणि एक छोटा स्क्रीन, एवढाच ऐवज असेल तर वाढीव वॉरंटीवाचून फारसे अडत नाही. मोठा टचस्क्रीन, ३६० अंशांचा कॅमेरा, समोरच्या काचेवरचा एडासचा (चालकाला इशारे आणि मदत देणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा, बंपरमधला रडार, हवेशीर सीटचे पंखे, विजेवर उघडणारी डिकी, पॅनोरमिक सनरूफ यांपैकी चार-पाच गोष्टी असल्या तर गणित उलटते. या वस्तू दुरुस्त होत नाहीत, अख्खा संच बदलला जातो. स्क्रीनचा एक कोपरा स्पर्श घेईनासा झाला तर नाक्यावरचा मेकॅनिक काही करू शकत नाही आणि नवे युनिट गाडीच्या व्हीआयएनशी (प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशी) जोडून प्रोग्राम करावे लागते, ते अधिकृत वर्कशॉपमध्येच होते.

गिअरबॉक्सचे तसेच. मॅन्युअलमध्ये झिजते ती क्लचप्लेट आणि ती कुठल्याच वॉरंटीत नसते. एएमटीमध्ये आत मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, वरून क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा अ‍ॅक्च्युएटर असतो. क्लचप्लेट तुमच्या खिशातून, अ‍ॅक्च्युएटर वॉरंटीतून. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, ऑटोमॅटिक तसा दणकट. सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे तेलात न बुडलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंचाइंचाने सरकवली की क्लच घसरत राहतो आणि तापतो. त्यातला मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर हलवणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक संच, सहसा वॉरंटीत असतो, पण डीसीटीचा क्लचपॅक झिजेचा भाग धरला जातो की नाही यावर कंपनीगणिक उत्तर वेगळे. हा एकच प्रश्न डीलरला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ याला वर्कशॉपच्या काउंटरवर कवडीची किंमत नसते.

आता वगळलेल्या भागांबद्दल, कारण भांडणे इथेच होतात. ब्रेक पॅड, फिल्टर, स्पार्क प्लग, बल्ब, टायर, बेल्ट, रबरी होज, बुश हे नाही मिळत, एवढे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते असे की वगळलेला स्वस्त भाग कव्हर असलेल्या महाग भागाला सोबत घेऊन बुडतो. रेडिएटरची रबरी होज घ्या. पाचव्या वर्षी क्लॅम्पजवळ ती फुगते, दाबली की पिलपिलीत लागते, मग एका घाटात फुटते. कूलंट वाहून जाते, तापमानाचा लाल दिवा लागतो. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ म्हणून चार-पाच किलोमीटर गाडी तशीच नेली की अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि हेड गॅस्केट जाते. हेड आणि गॅस्केट वॉरंटीच्या यादीत आहेत, तरी दावा नामंजूर होतो, कारण मूळ बिघाड होजचा, जी यादीत नाही, आणि नुकसान इशारा लागल्यावर गाडी चालवल्याने झाले. इंजिन कितीला तापले, किती वेळ चालले, याची नोंद बऱ्याच गाड्यांच्या ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) फॉल्ट कोडसोबत राहते, त्यामुळे ‘दिवा लागलाच नव्हता’ हे टिकत नाही. लाल दिवा लागला की कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या. आणि चौथ्या वर्षापासून प्रत्येक सर्व्हिसला होज हाताने दाबून पाहायला सांगा. फुगलेली दिसली तर स्वतःच्या पैशाने बदला. त्या होजवर वाचवलेले पैसे हेडच्या बिलात कैकपटीने जातात.

एसीचे उदाहरणही बघण्यासारखे आहे. गॅस कमी झाला की वर्कशॉपमधला सल्लागार गॅस भरून देतो, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. गळती कुठे आहे ते शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. सिस्टिममध्ये यूव्ही डाय घालून आठवडाभर गाडी चालवायची आणि यूव्ही दिव्याखाली पाहायचे, गळतीच्या जागी हिरवट पिवळा डाग चमकतो. कंडेन्सर गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे असतो. डाग जर पिचलेल्या फिन्सवर, मधोमध असेल तर दगड लागला आहे, तो बाहेरचा आघात, वॉरंटी नाही. तोच डाग पाइपच्या जोडावर किंवा कडेच्या टाकीच्या ब्रेझिंगवर असेल तर उत्पादनातला दोष, वॉरंटी आहे. फोटो तुम्हीही काढून ठेवा. गळती आतल्या इव्हॅपोरेटर कॉइलची निघाली तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीच मोठी होते. वॉरंटीत भागासोबत मजुरी आहे का, आणि नव्याने भरायचा गॅस व कंप्रेसर ऑइल यांचे पैसे कोण देणार, हे आधीच विचारा. ऑइल, कूलंट, गॅस यांना ‘कन्झ्युमेबल’ म्हणून वेगळे बिल लावायची पद्धत आहे.

नकारातले आणखी दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत, ‘सीपेज’ आणि ‘नॉर्मल’. इंजिनच्या कव्हरवर किंवा शॉकअब्सॉर्बरवर तेलाची ओल दिसली तर ते ‘सीपेज’, थेंब पडला तर ‘लीक’. ओल येते पण पातळी घटत नाही, अशा गोष्टी अटींमध्येच वगळलेल्या असतात, तशीच कामावर परिणाम न करणारी आवाज-कंपने. त्यामुळे तेल झिरपताना दिसले तर जागा पुसून घ्या, त्या दिवशीचे किलोमीटर आणि डिपस्टिकची पातळी जॉबकार्डावर लिहून घ्या, हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा दाखवा. पातळी उतरली आणि जागा पुन्हा भिजली की ‘सीपेज’ म्हणून बोळवण करणे अवघड जाते. मूळ वॉरंटीत नोंदवलेली तक्रार वॉरंटी संपल्यावर वाढली तर त्या जॉबकार्डाचा आधार मिळतो. म्हणून तक्रार तोंडी सांगून गाडी परत आणू नये. काम झाले नाही तरी जॉबकार्ड उघडायला लावावे.

पाणी आणि उंदीर हे दोन विषय वॉरंटीचे नाहीतच, विम्याचे आहेत, पण दरवर्षी लोक चुकीच्या काउंटरवर उभे राहतात. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरले, त्या गाड्यांना कुठलीही वॉरंटी, वाढीव असो वा मूळ, उपयोगी पडणारी नव्हती. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यासाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम लागते. साध्या सर्वसमावेशक विम्यातही इंजिनाचे असे नुकसान बहुधा नाकारले जाते. उंदराने वायरिंग कुरतडले तर तोही विम्याचाच दावा, आणि केला की नो-क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. वायरिंगचे बिल लहान असेल तर खिशातून दिलेले बरे. थोडक्यात, उत्पादनातला दोष वॉरंटीचा, आघात-पाणी-उंदीर-चोरी विम्याची, झीज तुमची. वाढीव वॉरंटीचे वीस हजार वाचवायचे असतील तर कोकणात, नदीकाठी किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याने त्यातले थोडे पैसे इंजिन प्रोटेक्टवर घालावेत, हे माझे स्पष्ट मत.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. शाळा, भाजी, ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो जळून साफ होत नाही. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवावी लागते. दिव्याकडे दुर्लक्ष करून तो तुंबला तर कंपनी त्याला वापराचा दोष मानते. ज्याचे रनिंगच शहरातले आहे त्याने डिझेल आणि वर वाढीव वॉरंटी असा दुहेरी खर्च करण्याआधी पेट्रोलचा विचार करावा.

आता पैशांचे. शोरूममध्ये सांगतात, ‘आत्ता घेतलीत तर स्वस्त, नंतर महाग.’ हे खरे आहे, पण अर्धेच. वाढीव वॉरंटी बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही देतात, दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या काही महिन्यांचा दर सर्वांत कमी, तिसऱ्या वर्षाचा सर्वांत जास्त. पण कव्हर सुरू होते तीन वर्षांनी. आज भरलेले २०,००० रुपये तीन वर्षे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते तर दर तिमाही चक्रवाढीने सुमारे २४,६०० झाले असते. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेरचा दर २४,५०० च्या आत असेल तर थांबण्यात तोटा काहीच नाही. उलट तीन वर्षांत गाडीचा स्वभाव कळतो, रनिंग कळते, नोकरी बदलून परगावी जायचे आहे का, गाडी विकायची आहे का, हे कळते. दर ३२,०००-३५,००० होणार असेल तर मात्र आधी घ्यावी. डीलरकडे टप्प्यांचे छापील दरपत्रक असते. ते मागा, व्हॉट्सॲपवर फोटो घ्या, जीएसटी धरून की वगळून तेही विचारा.

वॉरंटीची रक्कम कर्जात घातली तर हिशेब आणखी बिघडतो. २०,००० रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात मिसळले की महिना सुमारे ४१५ रुपये, एकूण २४,९०० च्या आसपास. ज्या वस्तूचा उपयोग तीन वर्षांनी सुरू होणार तिच्यावर व्याज पहिल्या दिवसापासून. घ्यायचीच असेल तर वेगळ्या पावतीने, रोख किंवा ऑनलाइन भरून घ्या.

किती शक्यता धरून घ्यायची, यालाही साधी कसोटी आहे. वॉरंटी १८,००० ची आणि तुमच्या गाडीतला एक मोठा बिघाड सरासरी ६०,००० चा धरला, तर दहापैकी तीन गाड्यांना वाढीव काळात तसा बिघाड आला तरच बरोबरी होते. साध्या मॅन्युअल पेट्रोलला हे प्रमाण मला जास्त वाटते. डीसीटी, टर्बो आणि भरगच्च इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीला कमी वाटते. पण बरोबरीचा हिशेब हजार गाड्यांच्या मालकाला लागू, तुमची गाडी एकच. साठ-सत्तर हजारांचे बिल अचानक आले तर घरचा महिना कोलमडणार असेल, तर थोडा तोटा सोसून वॉरंटी घेणे चूक नाही. ते बिल सहज झेपत असेल तर तेवढी रक्कम आवर्ती ठेवीत टाका, गाडीला काही झाले नाही तर ती तुमचीच.

त्यात एक छुपा खर्च मिळवा. वॉरंटी टिकवायची तर सर्व्हिस अधिकृत केंद्रातच आणि वेळेवर हवी. ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष’ यातला ‘किंवा’ कमी चालवणाऱ्याला नडतो. ‘वर्षात तीनच हजार चालली, कशाला सर्व्हिस’ म्हणून एक वर्ष चुकले की नंतरच्या इंजिनाच्या दाव्यावर बोट ठेवायला जागा मिळते. मात्र सर्व्हिस म्हणजे मालकाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात लिहिलेले काम, एवढेच. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंटिरिअर सॅनिटायझेशन, सायलेन्सर कोटिंग हे नाकारले म्हणून वॉरंटी जात नाही. तक्त्याचे पान मोबाईलमध्ये ठेवा आणि जॉबकार्डावरची प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडून पाहा. सीएनजीची गाडी असेल तर दर तीन वर्षांनी होणारी सिलिंडरची चाचणी चुकवू नका, आणि बाहेरून सीएनजी किट किंवा वायर कापून म्युझिक सिस्टिम बसवली असेल तर इंधन आणि इलेक्ट्रिकलचे दावे विसरा.

बाहेर एखादे काम केले म्हणून सगळीच वॉरंटी रद्द, ही काउंटरवरची धमकी मात्र जशीच्या तशी मान्य करू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते की केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती करता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेले, त्यामुळे तो आदेश दाखवला आणि काम झाले असे होईल या भरवशावर राहू नये. पण पंक्चर, बॅटरी, टायर बाहेर बदलले आणि त्यावरून इंजिनाचा दावा नाकारला तर कारण लेखी मागण्याइतके बळ त्यात नक्की आहे.

सर्वांत मोठी फसगत होते ती वॉरंटी कोणाची, यात. कोटेशनवर नुसते ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ लिहिलेले असते, आणि प्रमाणपत्र मात्र गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नसून तिसऱ्याच कुणाचे निघते. अशा वॉरंटीत एका दाव्याची कमाल रक्कम ठरलेली असते, गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, मंजुरी बाहेरून यावी लागते आणि तोवर गाडी वर्कशॉपमध्ये धूळ खाते. ती दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे चालतेच असे नाही. ओळखायचे कसे? प्रमाणपत्रावर उत्पादक कंपनीचे नाव आणि तुमचा १७ अक्षरांचा व्हीआयएन हवा. पैसे भरल्यावर पंधरा दिवसांत कंपनीच्या अ‍ॅपमध्ये वॉरंटीची नवी तारीख दिसली पाहिजे. नाही दिसली तर कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर व्हीआयएन सांगून विचारा. डीलरने ‘फ्री’ दिलेल्या वॉरंटीला ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे लावा. पैसे सेल्सच्या मुलाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नको. आणि महिनाअखेरीस घासाघीस करायची असेल तर सीटकव्हर आणि कोटिंगपेक्षा कंपनीची वॉरंटी सवलतीत मागा, डीलरचे मार्जिन त्यातही असतेच.

गाडी चार-पाच वर्षांत विकणार असाल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावे करता येते का, त्याचा अर्ज आणि मुदत काय, हे आधी पाहा. बऱ्याच कंपन्या करून देतात, पण आरसी नावावर झाल्यावर ठरावीक दिवसांत कळवावे लागते. दोन वर्षांची वॉरंटी बाकी असलेल्या ऑटोमॅटिक गाडीला गिऱ्हाईक चांगले मिळते. गाडी तीन वर्षांतच विकणार असाल तर मात्र हे पैसे तुम्ही पुढच्या मालकासाठी भरता.

विजेच्या गाड्यांत बॅटरीला बहुतेकांची ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी अशी वॉरंटी मूळचीच असते, तेव्हा ‘बॅटरीसाठी घ्या’ हा आग्रह फसवा. वाढीव घ्यायचीच तर ऑन-बोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि मोटर कंट्रोलर तिच्यात आहेत का, एवढे पाहून घ्या. आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की दोष धरणार, तो आकडा पुस्तिकेतून काढून ठेवा.

दावा नाकारला तर तीन गोष्टी लगेच करा. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी घ्या, स्कॅन टूलने काढलेला फॉल्ट कोडचा रिपोर्ट घ्या, आणि काढलेला जुना भाग फोटो काढल्याशिवाय परत जाऊ देऊ नका. मग डीलरला नव्हे, कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. तिथे हलले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. गाडी टॅक्सी म्हणून किंवा पांढऱ्या पाटीवर भाड्याने चालवत असाल तर यातल्या कुठल्याच पायरीवर फार आशा ठेवू नका.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपल्या वाहनविषयक पुरवणीत नव्या गाडीचे मायलेज, बूट स्पेस आणि रंग यांना जागा मिळते. त्याच चौकटीत मूळ वॉरंटी किती, वाढीव कुठपर्यंत, तिचा पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचा दर काय, आणि वगळलेल्या भागांत क्लच, सस्पेन्शन व स्क्रीन आहेत की नाहीत, एवढ्या चार ओळी छापाव्यात. डीलरांच्या संघटनेलाही विचारावे की वॉरंटीच्या अटींचा मराठी कागद पैसे भरण्याआधी ग्राहकाच्या हातात का पडत नाही. हल्ली तो पडतो डिलिव्हरीनंतर, मालकाच्या पुस्तिकेसोबत, ग्लोव्हबॉक्समध्ये, इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात.

आपला,
वर्कशॉपच्या काउंटरची दोन्ही बाजूंनी माहिती असलेला एक वाचक, चिंचवड